गोड टेप

माझ्या तोंडात गेली तीस वर्षं टाचण्या आहेत. त्यामुळे जळगावात आमच्या गल्लीत माझी ख्याती अबोल बाई अशी आहे. गिऱ्हाईक बोलतं, मी ऐकते. कुणी काही विचारलंच तर ओठ मिटून 'हं' करते, आणि त्या 'हं'चा ज्याला जो हवा तो अर्थ काढता येतो. टाचण्या ही फार सोयीची गोष्ट. सगळ्याच बायकांच्या तोंडात असत्या तर जगातली निम्मी भांडणं झाली नसती, असं माझं ठाम मत होतं. आता मला वाटतं, त्यातली बरीचशी वेळेवर व्हायला हवी होती.

मी ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे एक खोली. तिच्या मधोमध कमरेएवढी फळी. फळीच्या अलीकडे मी, पलीकडे रझियाभाभी. त्या साडीला फॉल-पिको करतात. भाभींचं मशीन चालू असलं की त्या काही ऐकत नाहीत असं गिऱ्हाइकांना वाटतं. त्या सगळं ऐकतात. मशीन बंद झालं की समजायचं, फार महत्त्वाचं काही चाललंय.

ह्या धंद्याबाहेरच्या माणसांना वाटतं, शिंपी माप घेतो आणि कपडा शिवतो. ब्लाउजचं तसं नसतं. बाई येते, पिशवीतून नवी साडी काढते, अस्तर काढते, मग अगदी तळातून एक जुनं ब्लाउज काढते नि म्हणते, "ह्याच मापाचं." त्याला मापाचं ब्लाउज म्हणायचं. तिच्या आयुष्यात जे सगळ्यात छान बसलं होतं, ते. कधी बसलं होतं, हे विचारायचं नसतं. काहींचं मापाचं ब्लाउज पोरगं बालवाडीत होतं तेव्हाचं असतं, आणि पोरगं बाहेर मोटारसायकल लावून हॉर्न वाजवत असतं.

तर मापाचं ब्लाउज आदराने टेबलावर पसरायचं, बाईकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घ्यायचं, आणि कापायचं ते बघितलेल्यावर. शिवाय दोन्ही कडांना आत जास्तीचं कापड ठेवायचं. त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग वाढलं तर शिवण उसवून तेवढं सोडता येतं. बाई घरी जाते, ब्लाउज घालते, नवऱ्याला सांगते की बघा, लग्नातलंच माप आहे माझं. ह्यात कुणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चालले होते.

बघून बघून डोळ्याला सवय लागते. हौसेने खाऊन सुटलेलं अंग निराळं आणि काळजीने सुटलेलं निराळं. हौसेचं सगळीकडे सारखं वाटलेलं असतं, हातांवर, गालांवर, पाठीवर. काळजीचं मात्र मधेच साचतं. दंड बारीक होतात, बाही सैल पडते, आणि पोटाशी हुक लागत नाही. बाई सांगते, "ताई, मी तर जेवतच नाही हो धड." ती खरं बोलत असते. आणखी एक, खांदे वर चढतात. दोन्ही नाहीतर एक. आणि माप घेताना श्वास सोडा म्हटलं तर सोडता येत नाही. वरच्या वर, गळ्याशीच चाललेला असतो. असं प्रत्येक बाईचं होतं असं नाही, थायरॉइडने होतं, वयाने होतं, मी काही डॉक्टर नाही. पण एका डॉक्टरीणबाईंचे ब्लाउज मी शिवते, त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या.

त्या म्हणाल्या, एसटीचा ड्रायव्हर स्टँडवर गाडी चालूच ठेवून चहाला जातो, बघितलंय ना? भीती वाटली की शरीर गाडी सुरू करतं. छाती धडधडते, रक्तात साखर सोडली जाते, अंग ताठ होतं, कारण पळायचं असतं. पळून झालं की गाडी बंद. पण भीती घरातच मुक्कामाला आली तर ड्रायव्हर चहावरून परतच येत नाही. गाडी जागेवर उभी आणि इंजिन दिवसरात्र चालू. मग डिझेल जळतं, पत्रा थडथडतो. झोप जाते, बीपी चढतं, साखर वाढते, पोटावर चरबीचा साठा होतो, केस गळतात. "आणि गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "बाहेरून गाडी उभीच दिसते."

हे मला फार आवडलं. मी ते गिऱ्हाइकांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी काय केलं, तर माया वाढवली.

दोन गमती सांगते. पाचोऱ्याच्या एका लग्नाचं काम होतं. साखरपुड्याला मायलेकींची मापं घेतली, लग्नाच्या आधी ब्लाउज पाठवले. लग्नाच्या सकाळी नवरीच्या आईचा फोन. ताई, तुम्ही आमच्या दोघींची मापं अदलाबदल केलीत. पोरीचं ब्लाउज खांद्यावरून घसरतंय आणि माझा एक हुक लागेल तर शपथ. मी काही अदलाबदल केली नव्हती. साखरपुडा ते लग्न एवढ्या काळात दोघी उलट्या दिशांना गेल्या होत्या, पोरगी सुकली होती आणि आई फुगली होती. दोघींना एकच काळजी होती, ती एकीच्या अंगातून वजा झाली नि दुसरीच्या अंगात जमा. मी फोनवर आईला आतली शिवण उसवायला सांगितलं आणि पोरीला पदर पिनेने पक्का करायला. तेव्हापासून नवरीचं ब्लाउज मी शेवटच्या आठवड्यात कापते, कितीही दटावलं तरी.

दुसऱ्या, एका बँकेतल्या मॅडम. त्यांचा उजवा खांदा फोन कानाशी धरून धरून वर गेलेला. ब्लाउज एका बाजूने उचलल्यासारखं दिसायचं. मी काय करावं? डाव्या खांद्याला आतून पातळ पॅड लावला. दोन्ही खांदे सारखे! मॅडम इतक्या खूश झाल्या की पेढे घेऊन आल्या. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा गळ्याला पट्टा होता. मान वळत नव्हती. म्हणाल्या, "आधी काहीच दिसलं नाही हो ताई." पलीकडून भाभींनी फळीवरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी 'हं' केलं.

आता टेपेचं सांगायला हवं. ते सांगायलाच बसले आहे.

हल्ली टेपा काचेच्या धाग्याच्या येतात, त्या ताणत नाहीत. पूर्वीची कापडी टेप वापरून वापरून लांब व्हायची. लांब झालेल्या टेपेवर आकडे एकमेकांपासून लांब जातात, म्हणून माप कमी भरतं. शिंपी अशी टेप फेकून देतो. माझी एक अशी झाली, आणि त्याच दिवशी एक बाई आली. सासूच्या आजारपणाने थकलेली, आरशाकडे पाठ करून उभी राहिलेली. चुकून तीच टेप हातात होती. मी आकडा वाचला, चौतीस. बाईने मागे वळून विचारलं, "खरंच?" आणि तिचा चेहरा असा उजळला की मी टेप फेकली नाही. उलट तिला पाण्यात भिजवून खिळ्याला टांगली आणि खालच्या टोकाला मोठी कात्री बांधली. सकाळपर्यंत ती आणखी उदार झाली. अडतीसला छत्तीस म्हणायला लागली.

तेव्हापासून माझ्याकडे दोन टेपा. एक खरी, ती कापताना. आणि एक गोड, ती गिऱ्हाइकासमोर. गोड टेपेने मोजायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, आणि टेबलाशी जाऊन मनात दोन मिळवायचे. कुणाला कधी संशय आला नाही. फक्त भाभींनी एकदा आपलं माप घ्यायला लावलं, आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "ताई, आपकी टेप बडी शरीफ है." पुढे माझ्या टेपेचं नावच त्यांनी शरीफ ठेवलं.

माझी धाकटी बहीण सुमन धुळ्याला असते. एका शाळेत क्लार्क आहे. तिचे मिस्टर शिरपूरला नोकरीला, शनिवारी येतात, सोमवारी जातात. आम्हाला भाऊ नाही. वडील गेल्यावर आमची माय सुमीकडे राहायला गेली, आणि दुसऱ्या वर्षी न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून माय खाटेवर. काठी-वॉकरने चार पावलं चालते, पण धरायला माणूस लागतं. डोकं मात्र तल्लख आहे नि आवाज त्याहून. रात्रभरात ती किती वेळा "सुमे" अशी हाक मारते त्याचा हिशेब सुमीनेही सोडून दिला होता. कधी पाणी हवं असतं, कधी पाय सरळ करायचा असतो, कधी कोपऱ्यात पाल आहे की तिचा भास, हे ठरवायचं असतं.

ह्यात मी काय करत होते, तर जळगावात ब्लाउज शिवत होते. सुमी फोनवर कधी म्हणाली, "अक्का, मायला महिनाभर नेतेस का?" की माझ्याकडे लगनसराई असायची. लगनसराई नसली की नवरात्र, नवरात्र नसलं की दिवाळी. शिंप्याचा सीझन कधी संपत नाही हे बाहेरच्यांना पटकन पटतं. आमचे हे एकदाच म्हणाले की पुढची खोली रिकामी आहे, मायला आणायचं का. मी तोंडात टाचण्या धरल्या. घरात. हातात कपडा नसताना.

त्याऐवजी मी सुमीचे ब्लाउज फुकट शिवायचे. दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती सकाळच्या एसटीने यायची, दुपारी परत जायची. तेवढ्यात मी माप घ्यायचे. कुठल्या टेपेने ते सांगायला नको. सुरुवातीच्या वर्षी ती वाळली. दंडात बाही सैल पडली. मी आतून आवळली. मग मधे साचायला लागलं. मी माया सोडली. मानेखाली पाठीशी एक गादी आली, मी गळा थोडा वर घेतला. डावा खांदा चढला, मी उजवीकडे पॅड लावला. दर वेळी नवं ब्लाउज घालून ती आरशासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "अक्का, तू आहेस म्हणून बरं. आकडा बघ, छत्तीसच. लोक उगाच म्हणतात सुमी सुटली म्हणून." आणि मी म्हणायचे, "हं."

ह्या वर्षी एका शनिवारी ती न कळवता आली. मी तोंडात टाचण्या धरून एका बाहीचा मुंढा जुळवत होते. सुमी आत आली ती घामाघूम, कपाळ दाबत. ऊन फार आहे, डोकं ठणकतंय म्हणाली. मग पाणी पिऊन जी सुरू झाली ती थांबेना. तिच्या शाळेत कर्मचाऱ्यांसाठी तपासणीचं शिबिर होतं. एक सिस्टर सगळ्यांच्या कमरा मोजत होती. सुमीच्या कमरेला टेप लावून तिने सांगितलं, सत्त्याण्णव. सुमी हबकलीच. सिस्टरने हसून टेप उलटी केली, तिकडच्या अंगाला इंच असतात. अडतीस.

"मी तिला तिथेच सांगितलं," सुमी म्हणाली, "सिस्टर, तुमची टेप खोटी आहे. माझी बहीण जळगावला टेलर आहे. तीस वर्षांची टेलर. दिवाळीला तिने मोजलं, छत्तीस. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."

भाभींचं मशीन बंद झालं.

मग म्हणे सिस्टर म्हणाली, ताई, टेपेचं राहू द्या, तुमचं बीपी बरंच जास्त दिसतंय, बसा, पुन्हा बघते. पुन्हा बघितलं तरी तेवढंच. डॉक्टरांकडे जा म्हणाली, आजच जा. आणि सुमी सगळ्या स्टाफसमोर तिला म्हणाली की ज्यांना साधी टेप धड घेता येत नाही त्यांचं बीपीचं मशीन काय खरं असणार. शिक्षक हसले. सुमीने पर्स उचलली नि बाहेर आली. डॉक्टरकडे अर्थातच गेली नाही. त्याला आता आठवडा होत आला होता.

"सोमवारी ती सिस्टर परत यायची आहे," सुमी म्हणाली. "तुझी टेप दे. सगळ्यांसमोर मोजून दाखवते तिला."

आणि तिने हात पुढे केला.

मी मोठी पापी बाई असेन, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिल्यांदा जे आलं ते हेच, की कुठली देऊ? खरी दिली तर सोमवारी भर स्टाफरूममध्ये माझ्या बहिणीची फजिती. गोड दिली तर ती जिंकणार. जिंकून, कपाळ दाबत, डॉक्टरकडे न जाता घरी जाणार आणि मायच्या खाटेशेजारी आडवी होणार. माझ्या टेपेवरच्या विश्वासाने. माझा हात खिळ्याकडे गेलासुद्धा होता. गोड टेपेकडे, हे कबूल करते. सवयीने.

पलीकडून भाभी हळूच म्हणाल्या, "ताई, अब तो शरीफ को रिटायर करो."

मी तोंडातल्या टाचण्या एकेक काढल्या आणि टेबलावरच्या छोट्या गादीत खोचल्या. तेवढा वेळ तरी मिळाला. मग दोन्ही टेपा काढल्या, कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोघींची सुरुवातीची टोकं जुळवून दाबून धरली. सुमीने दुसऱ्या टोकांकडे बघितलं. ती शाळेत क्लार्क आहे, पट्टी-फूटपट्टीचं माणूस. तिने बोटाने छत्तीसचा आकडा एकीवर शोधला, मग दुसरीवर. दोन छत्तीसांमध्ये जवळपास दोन इंचांचं अंतर होतं.

"म्हणजे मी त्या बाईशी भांडले," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्यासाठी भांडले मी, अक्का."

"हो."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर टेप माझ्या तोंडावर फेकेल. तिने तसं काही केलं नाही. उभी राहिली, दोन्ही हात जरा बाजूला धरले, आम्ही गिऱ्हाइकाला उभं करतो तशी, आणि म्हणाली, "मोज. खऱ्या टेपेने."

मी मोजायला लागले. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला. पुढे मग नुसते आकडे वाचवेनात, जे इतकी वर्षं बघून ठेवलं होतं ते बाहेर यायला लागलं. हा दंड बारीक झाला तेव्हा तू रात्रीचं जेवण सोडलं होतंस. ही पाठीवरची गादी मागच्या उन्हाळ्यापासून. हा डावा खांदा. मायची खाट तुझ्या डाव्या हाताला आहे ना? तू झोपेतसुद्धा तिकडे कान लावून असतेस, म्हणून तो वर चढलाय. श्वास सोड. नाही, खालपर्यंत सोड. बघ, सुटत नाही. कंबर अडतीस.

"म्हणजे तुला सगळं दिसत होतं," सुमी म्हणाली.

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आता तोंडात टाचणी नव्हती. एकही.

"बोलले असते तर मायला इकडे आणावं लागलं असतं," मी म्हणाले.

हे वाक्य मी आधी स्वतःलासुद्धा म्हणून दाखवलं नव्हतं. गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून, बायकांच्या चेहऱ्यावर हसू यावं म्हणून, हे सगळं खरं होतं; पण सुमीच्या बाबतीत कारण हे होतं. तिला अडतीस म्हटलं असतं तर का झालं म्हणून विचारावं लागलं असतं, आणि का म्हणून विचारलं असतं तर उत्तर माझ्या पुढच्या रिकाम्या खोलीपर्यंत आलं असतं.

 माझ्या मागच्या भिंतीशी अस्तराच्या कापडाचे तागे रचलेले असतात, त्यांवर सुमी जाऊन बसली. मग आडवी झाली. म्हणाली, चारच्या गाडीने जायचंय, हे ह्या शनिवारी येणार नाहीत, शेजारच्या काकूंना मायजवळ बसवून आलेय, मला उठव. आणि झोपली. ती झोप मी कधी विसरणार नाही. दुपारची गल्ली, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत दोन मशीनं, आणि ती अशी पडली की कुणी प्लग काढून घ्यावा. भाभींनी उठून पंखा तिच्याकडे वळवला.

मी तिला उठवलं नाही. तिच्या पर्समधून घराची किल्ली घेतली, भाभींना सांगितलं की उठल्यावर हिला त्या डॉक्टरीणबाईंकडे न्या, हाताला धरून न्या, आणि चारच्या गाडीत मी बसले. निघताना भाभी म्हणाल्या, "और वो लाल ब्लाउज? सोमवार का वायदा है." मी म्हटलं, बाईला सांगा टेलर आजारी आहे. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला दिलेली ही पहिली खरी सबब होती, असं मला वाटतं.

मायने मला दारात बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "तू कसाले ऊनी? सुमी कोठे शे?"

मी सांगितलं, तुझ्यासाठी आलेय, सुमी जळगावला झोपली आहे. मायला ते पटलं नाही. झोपायला कुणी जळगावला जातं का? मग आजपासून मी बघणार असं म्हणून तिच्या खाटेशेजारी अंथरूण टाकलं. ती रात्र मी वर्णन करत नाही. एवढंच सांगते की तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही, दर वेळी "सुमे" म्हणूनच हाक मारली आणि दर वेळी मी उठले. पाल नव्हती. सकाळी आरशात बघितलं तर माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. एका रात्रीत एवढा होत नाही, मला माहीत आहे. पण होता.

चहा देताना मी मायला सुमीच्या तब्येतीचं सांगितलं, सांभाळून, तिला धक्का बसू नये अशा बेताने. माय बशीत फुंकर घालत म्हणाली, "माले बठ्ठं दिखस. मी खाटवर पडेल शे, आंधयी नही."

सगळं दिसत होतं, मग बोलली का नाहीस, मी विचारलं. मला तोच प्रश्न विचारून चोवीस तास झाले नव्हते.

माय भिंतीकडे वळली. "बोलती, मंग मन्हाकडे कोन देखतं?"

म्हणजे आम्ही तिघीही एका मापाच्या. सुमी बोलत नव्हती कारण तिला वाटायचं बोलणं म्हणजे मायला ओझं म्हणणं. माय बोलत नव्हती कारण सुमी सुटली तर तिला कोण बघणार. आणि मी टेलर.

डॉक्टरीणबाईंनी सुमीला गोळी सुरू केली. बीपी खरंच होतं, सिस्टरचं मशीन नि टेप दोन्ही उत्तम होती. साखर काठावर. आणखी उशीर केला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं, डॉक्टर लोक सोडतात तसं. ते मी घरी पूर्ण करून बघितलं, आणि पुन्हा कधी केलं नाही.

मायला आम्ही गाडी करून जळगावला आणलं. वाटेत पारोळ्याला चहा घेतला तेवढाच काय तो प्रवासाचा आनंद. आता चार महिने माझ्याकडे, चार महिने सुमीकडे, असं ठरलंय. दुपारी एकटी घरी राहत नाही म्हणून मायची खुर्ची दुकानात आणली. हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने फारसा शहाणपणाचा नव्हता. बाई मापाचं ब्लाउज काढते, "ह्याच मापाचं" म्हणते, आणि मी खरी टेप हातात घ्यायच्या आत खुर्चीतून आवाज येतो, "बाई, तू गंज जाडी व्हई गयी." दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. पण एक बाई तिथेच स्टुलावर बसली आणि मायला सगळं सांगून मोकळी झाली, घरातलं, नवऱ्याचं, झोपेचं. मायने सगळं ऐकून घेतलं आणि तिला आधी डॉक्टरकडे जा नि मग ब्लाउज शिव म्हणून परत पाठवलं. भाभी म्हणतात, नवीन डॉक्टर बसली दुकानात, फी नाही.

त्या सिस्टरची सुमीने स्टाफरूममध्येच, सगळ्यांसमोर माफी मागितली. जिथे केलं तिथेच, म्हणाली. सिस्टर मोठ्या मनाची निघाली. पुढे ती आमच्याकडे ब्लाउज शिवायलाच आली. पिशवीतून साडी काढली, अस्तर काढलं, आणि तळातून एक जुनं ब्लाउज काढून म्हणाली, "ह्याच मापाचं." मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजणारी बाई. दोन्ही खांदे कानांना लागले होते. मी म्हटलं, "सिस्टर, राग मानू नका, पण उभ्या राहा." टेपेकडे तिने आधी बारकाईने बघून घेतलं. ते तिचं बरोबरच होतं.

गोड टेप मी फेकलेली नाही. भाभींनी कात्री पुढे केली होती, पण हात झाला नाही. खिळ्यालाच आहे. तिने कितीक बायांना एका दुपारपुरतं हसवलं, ते हसू खोटं नव्हतं. त्यातल्या कुणाला मी डॉक्टरच्या दारापासून लांब ठेवलं असेल, हा विचार मात्र आता माझ्याकडे मुक्कामाला आहे. गिऱ्हाइकं आठवून आठवून मी काहींना फोन केले. काही हसल्या, काही रागावल्या. एकीचा नंबर आता लागत नाही.

परवा नवरात्राच्या गर्दीत सुमी आली, मायला धुळ्याला न्यायला. बाही दंडाला व्यवस्थित बसलेली, खांदे पुष्कळ खाली. मी तोंडात टाचण्या धरून एका घागऱ्याचा घेर जुळवत होते. चार महिने रात्री माय मला हाक मारते. आता माझ्या नावाने मारते, ही माझी कमाई. सुमी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, दिवाळीचं ब्लाउज तुझं कोण शिवणार? उभी राहा, मी माप घेते."

मी उभी राहिले. ती मागून आली, टेप कमरेभोवती फिरवली, आणि टेप अंगाला टेकताच मला कळलं कुठली आहे ती. मऊ, थकलेली, ओळखीची. पलीकडचं मशीन बंद झालं. मायने खुर्चीत मान पुढे काढली.

"चौतीस," सुमीने वाचलं, गोड आवाजात, थेट माझ्या आवाजात. "होती तशीच आहेस की अक्का."

मी टाचण्या काढून गादीत खोचल्या.

"दुसरी आण," मी म्हणाले.